दिवा विझला म्हणून पट्टा सोडू नका

पत्र: दीड महिन्यापूर्वी विमानप्रवासात होतो. जेवणाचे ट्रे उचलून झाले होते, बाहेर लख्ख ऊन, पट्ट्याचा दिवा बंद. काही कळायच्या आत विमान खाली गेलं. नवऱ्याने पट्टा सोडला होता. तो जागेवरून उडाला, डोकं वर आपटलं आणि पाच टाके पडले. माझा पट्टा लावलेला होता, पण सैल. मला पोटावर काळानिळा वळ उठला, एवढंच. नवऱ्याचं डोकं अजून अधूनमधून दुखतं, तो म्हणतो दगदगीमुळे. आता दोन महिन्यांनी आठ तासांचा प्रवास आहे. बरोबर मुलगा असेल, तेव्हा तो सोळा महिन्यांचा होईल, वजन साडेदहा किलो. त्याचं तिकीट मांडीवरचं काढलं आहे. सासूबाईही येणार आहेत, वय ७१, हाडं ठिसूळ झालेली. वैमानिकाला हे आधी कळलं कसं नाही? पट्टा अख्खा वेळ बांधायचा का? बाळाला घट्ट धरून बसले तर पुरेल ना? आणि नवऱ्याच्या उपचारांचा खर्च मागता येतो का?

उत्तर:

तुमच्या चारही प्रश्नांआधी एक गोष्ट, आणि ती या आठवड्यातच करा. डोक्याला मार लागून दीड महिना झाल्यावरही डोकं दुखत असेल तर ते दगदगीवर ढकलू नका. मेंदूच्या आवरणाखाली रक्त कधीकधी इतकं हळू साचतं की त्रास काही आठवड्यांनी जाणवायला लागतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा वय जास्त असेल तर हा धोका आणखी वाढतो. डॉक्टरांना तारीख सांगा, मार कसा लागला ते सांगा, आणि स्कॅनची गरज आहे का ते त्यांनाच ठरवू द्या. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, बोलताना शब्द अडखळले, एका बाजूचा हात किंवा पाय जड वाटला किंवा नेहमीपेक्षा जास्त झोप येऊ लागली, तर भेटीची वेळ घेत बसू नका, थेट तातडीच्या विभागात जा.

आता वैमानिकाला आधी का कळलं नाही ते सांगतो. विमानाच्या नाकात हवामानाचं रडार असतं. त्याला दिसतात ते पाण्याचे थेंब, म्हणजे पावसाचे ढग. कोरड्या, निरभ्र हवेत रडारला पकडण्यासारखं काही नसतं. उंचावर जेट प्रवाह नावाचे अतिवेगवान वारे वाहतात. त्यांच्या कडेला, थोड्याच अंतरात वाऱ्याचा वेग एकदम बदलतो, तिथली हवा घुसळली जाते आणि बाहेर लख्ख ऊन असतं. डोंगररांगांवरून वाहणाऱ्या वाऱ्यानेही असंच होतं. ढगांचाही भरवसा नाही. वेगाने वर चढणाऱ्या गडगडाटी ढगाच्या माथ्यावर बहुतेक कोरडे हिमकण असतात आणि रडारच्या पडद्यावर ते फिके उमटतात. आपण सहज म्हणतो, ‘एअर पॉकेट लागलं’. पण हवेत खड्डा नसतो. विमान एका वरखाली करणाऱ्या प्रवाहातून दुसऱ्यात शिरतं, तेवढंच. पुढे गेलेल्या विमानांनी दिलेली माहिती आणि हवामानाचे अंदाज यांवरून वैमानिक बरेच धक्के टाळतात, पण सगळे टाळता येत नाहीत. रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलेला हिशेब असा, की उत्तर अटलांटिकवर निरभ्र हवेतल्या तीव्र टर्ब्युलन्सचा, म्हणजे हवेतल्या धक्क्यांचा, काळ १९७९ ते २०२० दरम्यान ५५ टक्क्यांनी वाढला. त्यामुळे ‘आम्ही इतकी वर्षं प्रवास करतो, कधी काही झालं नाही’ हा आधार पूर्वीइतकाही पक्का राहिलेला नाही.

दिव्याचं काय? २१ मे २०२४ ला लंडनहून सिंगापूरला निघालेलं सिंगापूर एअरलाइन्सचं बोइंग ७७७ म्यानमारवर ३७,००० फुटांवर होतं. सिंगापूरच्या तपास यंत्रणेने ध्वनिमुद्रण आणि उड्डाणाच्या नोंदी तपासल्या. पट्ट्याचा दिवा लावल्याचं एका वैमानिकाने मोठ्याने सांगितलं आणि त्यानंतर आठ सेकंदांनी मुख्य धक्का बसला. आठ सेकंदांत मांडीवरचा ट्रे बाजूला करून, अंगाखाली गेलेलं पट्ट्याचं टोक शोधून, बकल लावून तो घट्ट करून बघा. झोपेत असाल तर विचारूच नका. त्या विमानात एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि कित्येक जण जखमी झाले. विमान बँकॉकला सुखरूप उतरलं.

दिवा विझतो तेव्हा त्याचा अर्थ ‘गरज असेल तर उठायला हरकत नाही’ एवढाच असतो. जागेवर बसलेल्या माणसाने पट्टा सोडावा, असं तो दिवा कधीच सांगत नाही. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, बसलेले असाल तो सगळा वेळ.

सिंगापूर एअरलाइन्सच्या त्या विमानाचे आकडे जरा जवळून बघण्यासारखे आहेत, कारण नवऱ्याचं डोकं वर का आपटलं ते त्यांतून नीट कळतं. एरवी आपण १ जी अनुभवतो, म्हणजे आपलं नेहमीचं वजन. त्या विमानात ०.६ सेकंदात जीची नोंद अधिक १.३५ वरून उणे १.५ वर गेली. शून्य जी म्हणजे माणूस तरंगतो. उणे १.५ म्हणजे आपल्या दीडपट वजनाने छताकडे ओढला जातो. खरं तर माणूस उडत नाही. खुर्ची त्याच्याखालून निसटते आणि छत त्याच्या अंगावर येतं. समजा डोक्यावर ६० सेंटिमीटर मोकळी जागा आहे. उणे १.५ जी टिकून राहिला तर ढोबळ हिशेबाने ती जागा ०.३ सेकंदांत संपते आणि डोकं ताशी १५ किलोमीटरच्या आसपास वेगाने आपटतं. ९० सेंटिमीटर उंचीवरून डोक्यावर पडल्यासारखंच ते. ०.३ सेकंदांत हात वर करून डोकं सांभाळणं कुणालाच जमत नाही. पुढच्या चार सेकंदांत ती नोंद पुन्हा अधिक १.५ वर आली, म्हणजे जे वर गेले होते ते खाली कोसळले. म्हणून अशा अपघातांत डोक्या-मानेच्या जखमांबरोबर पाठीचे मणके दबून मोडलेले दिसतात. माणूस हातटेकूवर किंवा खुर्चीच्या कडेवर पडतो. घोटे मोडतात ते उभ्या असलेल्यांचे. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या नोंदीत २००९ ते २०२२ या काळात टर्ब्युलन्समुळे १६३ जण गंभीर जखमी झाले. त्यांत बहुतेक जण केबिन क्रूमधले होते, कारण कामामुळे ते पायांवर असतात. विमानं या धक्क्यांत सहसा धड राहतात, इजा होते ती आतल्या माणसांना.

आता तुमच्या पोटावरच्या वळाबद्दल. तुम्ही पट्टा लावला होतात म्हणून वळावर निभावलं. पण तो वळ सांगतो की पट्टा चुकीच्या जागी होता. विमानाचा पट्टा कमरेचा असतो आणि त्याने हाडावर बसायचं असतं, पोटावर नाही. कमरेच्या पुढच्या बाजूला दोन्हीकडे हाडाची टोकं हाताला लागतात. पट्टा त्या टोकांच्या खाली, मांड्या जिथे सुरू होतात त्या घडीवर हवा. तो सैल असला की धक्क्यात सरकून वर येतो आणि सगळा जोर आतड्यांवर पडतो. सैलपणाचं दुसरं नुकसान असं, की दहा सेंटिमीटरची ढील असेल तर अंग आधी दहा सेंटिमीटर मोकळं वर जातं, वेग घेतं, आणि मग झटक्याने अडतं. घट्ट पट्ट्यात तो वेग येतच नाही.

बांधताना आधी ढुंगण पाठीला टेकेपर्यंत मागे सरका. बरेच जण पुढे घसरून बसलेले असताना पट्टा आवळतात आणि नंतर मागे सरकले की तो आपोआप ढिला होतो. पट्ट्याला पीळ पडला असेल तर सोडवा. पिळलेला पट्टा दोरीसारखा रुततो. बकल ‘टक्’ वाजेपर्यंत आत घाला, मध्यभागी आणा आणि मोकळं टोक ओढा, इतकं की पट्ट्याखाली सपाट हात जेमतेम सरकेल. जेवल्यावर आवळल्यासारखं वाटलं तर बोटभर सैल करा, सोडू नका. पांघरूण घेतलंत तर पट्टा पांघरुणावरून लावा. दिवा लागल्यावर क्रूला तो दिसतो आणि तुम्हाला झोपेतून उठवावं लागत नाही. बकलचं झाकण वर उचललं की ते उघडतं, म्हणून पर्सचा बंद किंवा पांघरुणाची कड त्यात अडकलेली ठेवू नका. याची उलट बाजूही लक्षात ठेवा. घाईत उतरायची वेळ आली की गाडीच्या सवयीने हात बकलच्या कडेला बटण शोधतो. बसल्या बसल्या दोन-तीनदा उघडून लावून बघा, सासूबाईंकडूनही करून घ्या. पट्टा अपुरा पडत असेल तर क्रूकडे जोडपट्टा मागा. संकोचापोटी टोक मांडीखाली दडवून बसणारे असतात. कृपा करून तसं करू नका, जोडपट्टा मागण्यात लाजण्यासारखं काही नाही.

बाळाच्या बाबतीत स्पष्ट बोलतो. घट्ट धरून पुरत नाही. आई बाळाला धरते तेव्हा तिचे हात बाळाच्या खाली आणि पाठीमागे असतात, कारण आयुष्यभर तिने त्याला पडण्यापासून सांभाळलेलं असतं. या धक्क्यात बाळ वर जातं, आणि वरून धरणारा हात तिथे नसतो. साडेदहा किलोचं मूल उणे १.५ जीला जवळपास १६ किलोच्या जोराने छताकडे ओढलं जातं, तेही तुम्ही डुलकीत असताना. यात तुमच्या मायेचा किंवा ताकदीचा प्रश्नच नाही. अमेरिकेचं राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळही हेच सांगत आलं आहे, की दोन वर्षांखालच्या मुलालाही स्वतंत्र जागा आणि स्वतःचं सुरक्षा आसन हवं.

म्हणून परवडत असेल तर मांडीवरचं तिकीट बदलून त्याला स्वतःची जागा घ्या. या प्रवासावर एकच जास्तीचा खर्च करता येणार असेल तर तो इथे करा. मग दोन पर्याय आहेत. पहिला, गाडीतलं बालआसन. त्यावर ‘मोटारगाडी आणि विमान दोन्हींत वापरास प्रमाणित’ अशा अर्थाचा मजकूर आहे का ते बघा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आसनांवर तो लाल अक्षरांत असतो. रुंदी मोजा. ४० सेंटिमीटरपर्यंतचं आसन बहुतेक खुर्च्यांत बसतं, त्याहून रुंद असेल तर हातटेकू आडवे येतात. तोंड पुढे की मागे हे त्याच्या लेबलावरच्या वजनाप्रमाणे ठरवा. नुसतं उंची वाढवणारं बूस्टर चालत नाही, कारण त्याला खांद्यावरून येणारा पट्टा लागतो आणि विमानात तो नसतो. दुसरा पर्याय खांद्यांवरून येणाऱ्या पट्ट्यांचा. केअर्स नावाचा असा पट्टा १० ते २० किलो वजनाच्या आणि साधारण एक मीटरपर्यंत उंचीच्या मुलांसाठी आहे. तो खुर्चीच्या पाठीला वळसा घालून विमानाच्याच कमरपट्ट्यात ओवला जातो. तुमच्या मुलाचं वजन त्यात बसतं, पण अगदी काठावर. बसतो तसा सरळ बसून राहील का, हे तुम्हालाच ठाऊक. आमचं मत विचाराल तर आठ तासांसाठी बालआसन बरं. मूल त्याला सरावलेलं असतं आणि त्यात झोपतं.

बालआसन खिडकीशी ठेवा, म्हणजे कुणाची वाट अडणार नाही; आपत्कालीन दाराच्या रांगेत ते चालत नाही. विमानाचा पट्टा आसनाच्या ठरलेल्या खाचेतून ओवा, गुडघ्याने आसन खाली दाबा आणि मग पट्टा ओढा. हलवून बघा, बुडाशी ते जागेवरून सरकता कामा नये. एक अडचण हमखास येते: बकल नेमकं आसनाच्या आतल्या खाचेत जाऊन बसतं आणि झाकण उचलायला जागाच राहत नाही. म्हणून घट्ट ओढण्याआधी झाकण पुरतं उघडतंय ना ते बघा, नाहीतर उतरताना झटापट होते. आणखी एक. काही खुर्च्यांच्या, विशेषतः पहिल्या रांगेतल्या, पट्ट्यात एअरबॅग असते. तिथे बालआसन लावत नाहीत. तिकीट काढतानाच विमान कंपनीला आसनाची मापं कळवा आणि चालेल असं लेखी उत्तर घ्या.

जागा घेणं जमलंच नाही तर? काही देशांत मांडीवरच्या बाळासाठी आईच्या पट्ट्यात ओवलेला छोटा जोडपट्टा देतात. युरोपीय नियमांत तो लागतो, तर अमेरिकेत उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी त्याला परवानगी नाही. बाळ वर उडण्यापासून तो वाचवतो, पण जोरात पुढे आदळलं तर मोठ्या माणसाचं अंग बाळावर येतं, म्हणून हे मतभेद. मिळत असेल तर प्रवासात तो लावूनच ठेवा. स्वतःच्या पट्ट्याच्या आत मात्र बाळाला कधीही घेऊ नका, बाळ तुमच्या आणि पट्ट्याच्या मध्ये चेपलं जातं. पुढच्या भिंतीवरच्या पाळण्यात बाळ झोपलं असेल आणि दिवा लागला, तर झोपमोड झाली तरी उचला.

सासूबाईंसाठी काळजी दोन ठिकाणी घ्यायची: बसण्याची आणि शौचालयाला जाण्याची. जागा पंखांच्या आसपासची घ्या. शेपटीकडे धक्के जास्त जाणवतात. स्वच्छतागृह जवळ असेल अशी वाटेकडची खुर्ची बघा, मात्र वरच्या कप्प्यात त्या बाजूला जड बॅग ठेवू नका. कप्पा उघडला की पहिला मार वाटेकडे बसलेल्यालाच लागतो. पाठीला आधार म्हणून पातळ उशी चालेल, पण बुडाखाली जाड गादी नको. ती दबते आणि तेवढी ढील पट्ट्यात येते. ठिसूळ मणक्यांना अशा छोट्या आपटण्यानेही तडा जातो, त्यामुळे त्यांचा पट्टा तुम्ही स्वतः तपासा. शौचालयाला दिवा बंद असताना आणि विमान शांत असताना आठवणीने नेऊन आणा, अगदी लागेपर्यंत थांबू नका. चालताना एक हात सतत खुर्च्यांच्या पाठीवर असू द्या. वाटेत धक्के सुरू झाले तर जागेपर्यंत पोचायची धडपड नको. जवळची रिकामी खुर्ची, ती नसेल तर सरळ खाली बसायचं आणि हातटेकूचा किंवा खुर्चीचा पाय धरायचा. अनोळखी माणसाच्या शेजारी बसण्यात संकोच वाटेल, म्हणून हे त्यांना घरीच सांगून ठेवा. शौचालयात असतील तर बसून राहायचं आणि भिंतीवरची मूठ दोन्ही हातांनी धरायची. क्रूची ढकलगाडी जवळ असेल तर तिला टेकायचं नाही. भरलेली गाडी शंभर किलोच्या घरात असते आणि तीही उडते.

गरम चहा-कॉफीचा पेला कधीही अर्ध्याच्या वर भरून घेऊ नका, आणि बाळ मांडीवर असताना तर घेऊच नका. सांडलंच तर कपडा बाजूला करून भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं गार पाणी धरा, बर्फ चोळू नका. धक्क्यानंतर कुणी मान किंवा पाठ दुखतेय, हातापायाला मुंग्या आल्यात असं म्हटलं, तर त्याला उठवून बसवायला जाऊ नका. आहे त्या स्थितीत स्थिर ठेवा आणि क्रूला बोलवा. विमानात डॉक्टर आहे का, हे ते विचारतात.

राहिला खर्चाचा प्रश्न. प्रवास आंतरराष्ट्रीय असेल आणि संबंधित देश १९९९ च्या माँट्रियल करारात असतील, तर विमानात झालेल्या अपघाती शारीरिक इजेला विमान कंपनी जबाबदार असते. २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१,८८० एसडीआरपर्यंतच्या सिद्ध झालेल्या नुकसानीसाठी ‘आमची चूक नव्हती’ एवढं म्हणून तिला सुटता येत नाही. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे. ही कमाल मर्यादा झाली, भरपाई मिळते ती प्रत्यक्ष नुकसानीची. पण प्रवाशाच्या निष्काळजीपणाने इजा झाली किंवा वाढली, तर रक्कम कमी होऊ शकते किंवा नाकारली जाऊ शकते, आणि पट्टा सोडलेला होता हा मुद्दा कंपनी नक्की काढेल. दिवा बंद होता, हे तुमच्या बाजूचं. ‘बसलेले असताना पट्टा लावून ठेवा’ अशी घोषणा झाली होती का ते आठवून आत्ताच लिहून ठेवा. देशांतर्गत प्रवासाला त्या त्या देशाचा कायदा लागू होतो.

दावा दाखल करायला पोचल्याच्या तारखेपासून दोन वर्षं असतात. कंपनीला आधी लेखी कळवा: विमानाचा क्रमांक, तारीख, खुर्ची, साधारण वेळ, काय झालं, काय लागलं. क्रूने तेव्हा नोंद केली असेल तर तिची प्रत मागा. बोर्डिंग पास, टाके घातल्याचे कागद, बिलं, जखमेचे तेव्हाचे फोटो आणि तुमच्या पोटावरच्या वळाचाही फोटो असेल तर तो, सगळं एकत्र ठेवा. या आठवड्यात नवरा डॉक्टरांकडे जाईल तेव्हा डोकेदुखीचा संबंध त्या माराशी लागतो की नाही, हे त्यांच्याकडून कागदावर घ्या. तडजोडीच्या पत्रावर सही करायची ती तपासणीचा निकाल हातात आल्यावरच.